तीनशे मैल

ओडेसा प्रुइट. एकोणीस वर्षं दुसऱ्यांचे ट्रक हाकले,
आरशालासुद्धा ओरखडा नाही.
आता ट्रक स्वतःचा, परवाना चाळीस दिवसांचा,
म्हणून विम्याच्या कागदावर ती
नवशिकी.

"हप्ता उतरेल," फोनवरचा पोरगा म्हणतो,
"जॉप्लिनपासून तीनशे मैलांच्या आत राहिलात तर.
आणि नुकसानीचे पहिले पाच हजार
तुमच्या खिशातले."

सीटवर नकाशा पसरून
ती बुटाची नाडी सोडते.
एक टोक अंगठ्याखाली, दुसऱ्याला पेन्सिल.

टल्सा आत. मेम्फिस आत.
ओमाहा थेट रेषेवर, फुंकर मारली तर बाहेर.
लेकीचं गाव
नखभर पलीकडे.

ती अंगठा किंचित सरकवून बघते.
मग सही करते, नाडी ओवते,
आणि लेकीला कळवते:
नाताळला बसनं येईन,
स्टँडवर घ्यायला ये.