पंधरा सेकंद

सोमवारी सकाळी आठला
तार्तूतल्या आमच्या तळघरात
मी बरणीतून पाणपिसवांच्या आया वेगळ्या काढते.
मागे राहतात ती रात्रीतून जन्मलेली पिल्लं,
मिठाच्या कणाएवढी,
आणि अशी आरपार
की भिंगाखाली उडणारं काळीज दिसतं,
पोटातली हिरवी रेघही,
म्हणजे आईशेजारी खाल्लेलं शेवाळ.
पुढचे अठ्ठेचाळीस तास
यांना काही खायला द्यायचं नाही.

एका पेल्यात पाच. असे चार पेले.
पाच मात्रा,
आणि शेवटची ओळ निव्वळ पाण्याची.
नळीचं टोक पाण्याखाली नेऊन मगच सोडायचं,
नाहीतर कवचाखाली हवा अडकते
आणि ती वरच तरंगत राहतात,
बुडताही येत नाही अशी.
हे मला हेल्डुरने शिकवलं.
तो आता निवृत्त होऊन मधमाश्या पाळतो.

जंतुनाशक साधंच आहे.
इस्पितळाच्या फरश्या, बसच्या दांड्या,
शाळेची बाकं, दारांच्या मुठी.
त्या दोन वर्षांत आम्ही सगळेच
हात धुऊन मागे लागलो होतो
एका न दिसणाऱ्याच्या,
आणि ते धुतलेलं पाणी खाली गेलं.
खाली म्हणजे कुठे,
विचारायला सवड कुणाला होती?

मी पेइप्सी सरोवराच्या काठची.
गावात एकच लांबलचक रस्ता,
अंगणापासून काठापर्यंत कांद्याचे वाफे.
वडील ब्रीम चिरताना आधी पोट उघडत,
"बघ फेव्रोनिया, काय जेवलाय."
चिमूटभर तपकिरी लगदा असायचा.
मी नाक मुरडायचे.
त्या लगद्यावरच पुढे माझं पोट चालणार होतं.

बुधवारी मोजणी.
पेला हळूच हलवायचा
आणि पंधरा सेकंद थांबायचं.
तेवढ्यात जे पोहलं नाही
त्याच्यापुढे लिहायचं: अचल.
मेलं, असं लिहायचं नाही.
कधी कधी स्पर्शिका हलत असते,
काळीजही उडत असतं,
पण तक्त्यात त्यासाठी रकाना नाही.
बारा वर्षं मी यांना पाण्यात पाहते आहे,
मनात अढी नाही, एवढंच सांगू शकते.

सगळ्यात कडक मात्रा: वीसपैकी वीस.
तिच्याखालची: अठरा.
मग अकरा, मग चार.
पाचवी: एकही नाही.
छान उतरण होती, पेन्सिलीने ओढावी अशी.
शेवटी निव्वळ पाणी.
पहिला पेला, पाचही पळाले.
दुसरा, तिसरा, तसेच.
चौथा.
पाचही तळाशी.
मी पुन्हा हलवला, नियमात नसताना.
पुन्हा मोजले.

स्नीझाना नवी आहे, खारकिवहून आलेली.
तिकडे ती इस्पितळाचा मजला पुसायची.
"एका पेल्यावर डाग होता," ती म्हणाली,
"तसाच कसा ठेवू? नीट पुसला, आतूनसुद्धा."
फडकं कशात बुडवलं होतंस?
तिने अभिमानाने बाटली आणून दाखवली.
तेच नाव. तोच निळा शिक्का.

मला हसू आलं, आणि ते चांगलं नव्हतं.
निव्वळ पाण्यात दोनाहून जास्त गेले
तर चाचणी रद्द.
एकशेवीस जीव, आणि हाती आकडा नाही.
पुढच्या सोमवारी पुन्हा पहिल्यापासून.
"मेली का?" तिने विचारलं.
अचल, मी म्हणाले.
ती माझ्याकडे बघत राहिली,
कारकुनाकडे बघावं तशी.

मग, का ते माहीत नाही,
मी आयांच्या बरणीतली एक भिंगाखाली धरली.
पाठीच्या पिशवीत नऊ अंडी,
दोघांना डोळ्याचे काळे ठिपके फुटलेले.
स्नीझानाने हातमोजे काढले,
केस कानामागे सारले आणि वाकली.
मशीनची घरघर तेवढी चालू होती.
ती हलली नाही, बोलली नाही.
सवयीने मी मोजत होते.
पंधरा झाले.
मी मोजत राहिले.