एका

झुगदिदी सोडलं तेव्हा नऊ वाजले होते.
मुर्झाकानचा डावा हात स्टिअरिंगवर,
उजव्यात सूर्यफुलाच्या बिया.
वळणागणिक टरफलं खिडकीबाहेर.

धरणाचं पाणी इतकं निळं
की साबणाच्या जाहिरातीतलं वाटावं.
तिथे तो थांबला नाही.
थांबला पुढे, कठडा तुटलेल्या जागी,
जिथे काळ्या दगडात कोरलेला कुणी पोरगा
मोटारीला टेकून हसत होता,
आणि पायाशी पत्र्याच्या कपाटात
येणाऱ्याजाणाऱ्यासाठी बाटली, पालथे घातलेले तीन पेले.
मुर्झाकाननं पेला भरला, मातीत ओतला,
प्यायला नाही.
त्यानंतर बिया खिशात
आणि दोन्ही हात चाकावर, थेट गावापर्यंत.

तू नकाशा मिटलास.
डोंगर एवढे अंगावर आले होते
की काचेला गाल लावूनही माथा दिसेना.

दगडी मनोऱ्यांच्या सावलीत गेस्टहाऊस.
दारात मारेखी, कोपरापर्यंत पीठ.
"एका!" तिनं हाक मारली
आणि आपण दोघंही थबकलो, कान देऊन.
म्हटलं, काही सांगायचं असेल.
गोठ्यामागून सात वर्षांची मुलगी आली,
काखेत कोंबडी.
नाव होतं ते तिचं.
आपण हसत सुटलो,
आणि का, ते कुठल्याच भाषेत सांगता येईना.

खोली छान होती. खरंच छान.
लेसचे पडदे, पितळी पलंग,
उशीला लाकडाच्या धुराचा वास.
भिंतीवर खिळा, खिळ्याखाली फिकट चौकोन.
उशीखाली हाताला लागला जांभळा खडू.
तू म्हणालास, आधीच्या पाहुण्यांचा असेल.

रात्री पाण्यासाठी उठले.
स्वयंपाकघरात, विझत्या शेगडीपाशी,
हातभर रुंदीच्या बाकावर
मायलेकी उलटसुलट झोपलेल्या,
एकाचे पाय आईच्या कुशीत.
भिंतीला टेकवून ठेवलेली लग्नाची तसबीर:
नवरा, जो पोलंडात ट्रक चालवतो
आणि छपराचे पैसे पाठवतो.
मी तशीच तहानलेली परतले.
पितळी पलंग कुरकुरला.
तुला उठवलं नाही.

सकाळी बाक नुसता बाक होता.
त्यावर कुबदारी, मध, तुतीचा मुरंबा.
गालाखाली तळवा धरून मारेखीनं विचारलं, झोप?
मीही तळवा गालाखाली धरला.

बशीखाली ठेवलेली जास्तीची नोट
तिनं निघताना परत हातात दिली,
सोबत मिठाची पुरचुंडी,
लसणाच्या वासानं डोळे चुरचुरतील अशी.
खडू मी होता तिथेच ठेवला होता.

गाडी सुटता सुटता मागून हाक आली: "एका!"
आता ठाऊक होतं, आपल्याला नाही ती.
तरी तू काच खाली केलीस,
आणि पुढची कितीतरी वळणं
गाडीत कुणी बोललं नाही.