फोन नंबराचा रकाना

दुसऱ्या गेटाजवळ, तेरा पायऱ्या चढून
आमचं ऑफिस : दोन टर्मिनल, एक कुरकुरणारा यूपीएस,
आणि भिंतीवर कानडी कॅलेंडर,
ज्यात एक्स्पायरीच्या तारखांना
मी पेन्सिलीनं गोल केलेत.

सव्वानऊला भुजंगराव किल्लेकर येतात.
उद्यमबागेत त्यांची लेथ फिरत असते,
हे इथं, खुर्चीच्या काठावर.
घे, म्हणतात. मी घेते.
वीक. विकते.
परत घे की गे, वर चाललंय!
जेवणाच्या वेळेपर्यंत एकतीस सौदे.
नफा झाला तर त्यांच्या डोक्याचा,
तोटा झाला तर माझ्या बोटांचा.
दलालीचा आकडा कोपऱ्यात
नळाखालच्या तांब्यासारखा थेंबाथेंबानं भरतो
आणि एक तारखेला माझा पगार होऊन येतो.
म्हणून मी त्यांना थांबा म्हणत नाही.
फार तर चहा उशिरा मागवते.

मार्चात मालक म्हणाले, हेड ऑफिसचा मेल आलाय,
बायका बऱ्या की पुरुष, आकडे काढ.
काढले. त्रेचाळीस बायका.
फरक फारसा निघाला नाही.
मालक म्हणाले, बघ, सारखंच असतंय सगळं.

मग मी शेवटचा रकाना उघडला, फोन नंबराचा.
अडतीस नंबर नवऱ्यांचे, दिरांचे, मुलांचे.
वत्सला भुजंग किल्लेकर :
काल अकरा दहाला तिनं लॉट विकला,
अकरा बाराला परत घेतला.
तेव्हा ती बहुतेक कणीक मळत असेल.
मी तिला कधी पाहिलेलं नाही.
ओटीपी येतो, यांच्या खिशात थरथरतो,
आणि तिच्या नावानं तोटा होतो.

उरल्या पाच.
दोघींना पासवर्ड आठवत नाही.
एक मुलीच्या बाळंतपणाला हुबळीला गेली, ती तिकडचीच झाली.
एक वारली, वारस अजून आले नाहीत,
तिचं खातं सगळ्यात पुढं.
हे मी मालकांना सांगितलं नाही.

आणि पाचवी, मलप्रभा मुतगेकर, वडगावची,
यंत्रमागावर साडीमागं मजुरी.
वर्षातून एकदा येते, पदरानं घाम पुसत,
स्क्रीनकडं न बघता विचारते,
हाय तसं हाय न्हवं?
आहे की. वाढलंय.
वाढूं दे, म्हणते, आणि उठते.

यंदा मी तिला बसवलं. चहा दिला.
म्हटलं, मावशी, एवढा धीर कुठून आणलात?
मागल्या पडझडीत सगळे विकून पळाले,
तुम्ही जाग्यावर.

ती हसली नाही.
धीर कसला गे.
पडल्यालं मला कळ्ळंच न्हाई,
माग चालू आसला की कान न्हाईत मला.
आणि हितं यायचं म्हंजे अर्धा रोज बुडतोय.

मग थोड्या वेळानं, बशीकडं बघत :
भावांनी हक्कसोडावर सही मागितली, मी दिली न्हाई.
शेताचा वाटा घितला, त्येचंच हे.
तवापासनं माहेरचं दार बंद.
दोन भाऊ मोडून आणल्याला पैसा,
त्यो आता कशाला मोडू?

खाली गेट पडलं होतं, गाड्या हॉर्न वाजवत होत्या.
भुजंगराव ओरडले, अगे घे की, सुटलं हातचं!
मी घेतलं. चुकून दुप्पट.
पहिल्यांदाच त्यांना फायदा झाला,
आणि त्यांनी सगळ्यांना कुंदा वाटला.

हेड ऑफिसला मी पाठवलं : फरक नाही.
मेलमध्ये दोनच चौकटी होत्या, स्त्री आणि पुरुष.
बोट कुणाचं, हे लिहायला जागा नव्हती.

माझंही खातं आहे, टार्गेट भरताना उघडलेलं.
त्यात एका कंपनीचे दोन शेअर.
परवा लाभांश आला असावा,
कारण संध्याकाळी भावाचा फोन आला,
हसत होता :
काय गे, अकरा रुपये आले तुझे.
काय करू त्यांचं?