वाघिणी

नवतपा लागला.
कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतून
मी उडणारे कागद वरवंट्यानं दाबून बसते :
वार्षिक नियोजन, इयत्ता तिसरी.

भाऊजी म्हणतात, मास्तरणीची मजा आहे बुवा!
गच्चीवरच्या मूगवड्या
त्यांनी एकदाही उलटल्या नाहीत.

जून, शेवटचा आठवडा : उजळणी.
जुलै : तीन अंकी संख्या.
मग बसायच्या जागा. इथं पेन अडतं.
‘लोकेश पराते खिडकीत नको’,
मार्चमध्येच लिहून ठेवलंय, लाल शाईनं.
इतवारीकडून मालगाडी निघाली की
या पोट्ट्याचे ओठ हलायचे,
सातचा पाढा पस्तीसवर उभा.

अडीचला गच्चीवर गेले, तळवे भाजत.
खाली रुळांवरून कोळसा चाललेला.
सहज मोजू लागले वाघिणी.
एक्केचाळीसला चुकले.

तो म्हणायचा, बाई, अठ्ठावन्न!
मी म्हणायचे, गप बस.

खाली येऊन
त्या लाल ओळीतलं फक्त ‘नको’ खोडलं.
जुलैपुढे लिहिलं : सुरुवात वाघिणींपासून.
पुढचं सुचेना.
कूलरमधलं पाणी संपलं होतं,
नुसताच घरघरत होता.