झाकण

तीन दिवस न्हाणीघराची मोरी
घसा खाकरत होती.
पाणी टाकलं की थांबायची, विचार करायची,
मग एक ढेकर.
काकडवहिनी म्हणाल्या, अ‍ॅसिड ओता.
नाही ओतलं.
ह्यांनी सांगून ठेवलेलं, खाली जिवाणू राबतात,
त्यांच्या तोंडावर फिनाईल मारायचं नाही.

ह्यांनी बरंच सांगून ठेवलं.
झाकण कुठे आहे, तेवढं सांगायचं राहिलं.

अंगणभर शहाबादी फरशी,
मीच हट्टानं बसवून घेतलेली, चिखल नको म्हणून.
पहारीच्या बोथट टोकानं एकेक फरशी
माठासारखी वाजवत गेले.
भरीव. भरीव. भरीव.
पेरूपलीकडे आवाज बदलला.
मग वीजबिलांच्या फायलीत सापडलं,
पाठकोऱ्या बिलावर त्यांचं तिरपं अक्षर :
‘पेरूपासून साडेचार फूट, कंपाउंडपासून सात.
पेरू तोडला तर पंचाईत.’

मखमलाबाद रोडनं टँकर आला.
तन्वीर नावाचा मुलगा, पायांत गमबूट.
झाकण सरकवलं आणि अर्धा तास
नुसता लांब उभा राहिला.
‘वारा जाऊ द्या आत.
आणि मोबाइल पडो, सोनं पडो,
कोणी उतरायचं नाही.
माझे चुलते उतरले होते, सिन्नरला.’
पुढचं त्यानं सांगितलं नाही.
मी चहाचं विचारलं.

‘शेवटची कधी उपसली?’
नाशकात मोजतात तसंच मोजलं,
‘गेल्या कुंभाच्या आदल्या उन्हाळ्यात.’
हसला. ‘मावशी, दर तीन वर्षांनी उपसायची असते.
हिला पर्वणी लागत नाही.’

पाइप थरथरला. गाडी ओढत राहिली
एवढ्या वर्षांचं सगळं :
लेकीच्या बाळंतपणाचं, दिवाळीच्या पाहुण्यांचं,
ह्यांच्या शेवटच्या तीन महिन्यांचं,
पातळ पेज आणि औषधं,
जे मी धुतलं, दार लावून रडले,
आणि वरून बादलीभर पाणी ओतलं.
गेलं असं वाटलेलं.
इथेच होतं. साडेचार फुटांवर.

गाडी भरल्यावर विचारलं, हे ओतणार कुठे?
तो टायरकडे बघत राहिला.
‘नाल्यात नको,’ मी म्हणाले, ‘नाला गंगेला मिळतो.’
‘प्लँटवर लाइन असते, मावशी. डिझेल जळतं.’
डिझेलचे वेगळे दिले.
पावती आणून दे म्हटलं.

संध्याकाळी मोरीनं पाणी एका घोटात गिळलं.
व्हेंट पाइपच्या तोंडाला नवी जाळी बांधली, डासांसाठी.
कंपाउंडवर तेलरंगानं बाण काढला,
फूट लिहिले, तारीख लिहिली,
पेरू तोडायचा नाही, हेही लिहिलं.
लेकाला फोटो पाठवला.
त्यानं अंगठा पाठवला.

पावती अजून आलेली नाही.
तन्वीरचा नंबर भिंतीवर आहे,
बाणाच्या शेजारी.