मानस

आमच्याकडे मानस म्हणजे मन नव्हे.
खाजनाच्या बांधात बसवलेली लाकडी दारं;
भरतीला आपोआप मिटतात,
ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडतात.
चोडणात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

त्या अमावास्येला इनासने
दारांत ओंडका अडकवला.
मानशीचा लिलाव त्याने घेतला होता, कर्ज काढून.
दार उघडं राहिलं तर भरतीबरोबर
चोणक, शेवटे, सुंगटं आत येतात.
मासळीमागून खाडीही आली.
सकाळी बाबा गुडघाभर पाण्यात,
हातात उपटलेलं एक रोप, चाटून पाहिलेलं.
"खारं," एवढंच म्हणाले.

पुढे त्या घराचं नाव
आमच्या घरात कुणी घेतलं नाही.
बाबा गेले. नाव न घेणं मला वारशात आलं,
शेतापेक्षा त्याचीच निगा मी जास्त राखली.

लग्न होऊन रायबंदरला गेले,
नोकरीला रोज परत चोडणात, पंचायतीत.
इनास हयातीच्या दाखल्यासाठी यायचा.
पहिल्यांदा म्हटलं, फोटो जुना आहे.
मग म्हटलं, सेक्रेटरींची फेरी चुकली.
मग काहीच म्हटलं नाही, पंख्याकडे बघत राहिले.
तो दर वेळी "बरें बाय" म्हणून
टोपी घालायचा, पायऱ्या उतरायचा,
एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत.

माफ करायचं ठरवलं तो दिवस काही खास नव्हता.
धक्क्यावर फेरीची वाट बघताना
मनात म्हणून पाहिलं: इनास, माफ.
घशात बांगड्याचा काटा.
दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हटलं.
मंगळवारी जमलं.
बुधवारी त्याची सून बाजारात हसताना दिसली, मोडलं.
गुरुवारी मांडवी ओलांडेपर्यंत टिकलं,
फेरी काठाला लागली आणि तोंडात पुन्हा खार.

बाबा सांगायचे, खारावलेलं शेत
एका पावसाने धुतलं जात नाही.
तीन पावसाळे लागतात,
आणि तिन्ही पावसाळे
दारावर लक्ष ठेवणारा माणूस लागतो.

काल तो आला.
'सदर इसम हयात असून'
याच्याखाली मी शिक्का मारला, सही केली.
हात थरथरला; त्याचा नव्हे.
त्याने कागदाची घडी केली, पण गेला नाही.
"तुज्या बापायक एक सांगपाचें आशिल्लें."
बसा म्हटलं. पाणी दिलं.
त्याने सांगितलं नाही,
मी विचारलं नाही.
ग्लास मात्र पुरता रिकामा करून गेला.

संध्याकाळी एक फेरी सोडली, बांधावर गेले.
ओहोटी होती. दारांतून पाणी
काडीकचरा घेऊन निघालं होतं.
आमच्या तुकड्यात अजून दुसरं भात धरत नाही,
कोरगूट तेवढं येईल:
जाड, तांबूस, मिठातच वाढायला शिकलेलं.
यंदा त्याचं बी मागून आणीन म्हणते.
इनासच्या घरी असतं, असं ऐकलंय.

उद्या धक्क्यावर
पुन्हा म्हणून पाहीन.