पाकिटातली हवा

तळ्याचं नाव आम्ही घेत नाही.
दोनदा घेतलं मोठ्यानं, दोनदा बेत फसला.
एकदा दरड कोसळली, एकदा कुमुदची सून आठव्या महिन्यातच बाळंत झाली.
तेव्हापासून नुसतं 'ते' म्हणतो,
आमच्या आया नवऱ्याला म्हणायच्या तसं,
मानेनं उत्तरेकडे खूण करून.

नाशिक समुद्रापासून किती उंच
हे सत्तावन्न वर्षं इथं राहून मला माहीत नव्हतं.
स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर खाली बारीक अक्षरांत असतं, रेहाना म्हणाली.
मुद्दाम रिक्षा करून गेले, वाचलं,
आणि घरी येऊन भागाकार केला.
सात नाशिक.
एकावर एक सात नाशिक रचायची,
सात वेळा द्वारकेचा चौक ओलांडायचा, सात वेळा गोदावरी,
आणि सातव्या नाशकाच्या गच्चीवर
ते.

सराव म्हणून पांडवलेणीच्या पायऱ्या.
पहाटे साडेपाचला, पाठीवर पाच-पाच किलो बाजरी.
तिसऱ्या रविवारी माझी पिशवी उसवली
आणि पायरीपायरीवर पारव्यांची पंगत बसली.
कुमुद इतकी हसली की खाली बसली,
बसली ती बराच वेळ बसली.
आम्हाला वाटलं, हसूच आहे.

रेहाना खतीब आमची प्रवासमंत्री.
पोस्टात चौतीस वर्षं, त्यामुळे कुठलंही गाव लांब वाटत नाही तिला.
तिच्या वहीत लिहिलंय:
चंदीगडपर्यंत रेल्वे. पुढे बस. पुढे जीप. पुढे बघू.
'बघू' हा सगळ्यात लांबचा टप्पा.
लोकरीचे मोजे, लवंग, सुंठ, गुडघ्याचे पट्टे,
पहिल्या दिवशी नुसतं झोपायचं, चालायचं नाही
(अधोरेखित, माझ्यासाठी).

गायधनी डॉक्टरांनी तिघींना नळीत फुंकायला लावलं.
माझा आकडा बरा. रेहानाचा माझ्याहून बरा.
कुमुद अंबडच्या फाउंड्रीत सव्वीस वर्षं
वाळूच्या साच्यांशेजारी उभी होती;
तिच्या फुंकरीनं काटा जरासा उठला
आणि लाजल्यासारखा परत बसला.
डॉक्टर खिडकीबाहेर बघत म्हणाले, तुम्ही नको.
कुमुद म्हणाली, बरं. म्हणजे सीटवर ऐसपैस बसतील दोघी.
मग गंगापूर रोडवर आम्ही उसाचा रस प्यायलो
आणि रसाबद्दल बोललो.

रेहानानंच कुठंतरी वाचलं होतं,
वर गेल्यावर खाऊची पाकिटं टम्म फुगतात.
आत आपली इथली हवा, भरभक्कम,
बाहेरची विरळ, तिला अडवायला कोणी नाही.
कुमुद ऐकत होती. काही बोलली नाही.

परवा आली ती चिवडा घेऊन.
मेणबत्ती माझ्याकडून मागून घेतली,
करवतीचं पातं तिनं पदरात गुंडाळून आणलेलं.
एकेका पिशवीचं तोंड पात्यात धरायची, ज्योतीवरून फिरवायची,
पण त्याआधी
आत एक फुंकर.
त्याच छातीतली, नापास झालेली.
दहा पाकिटं भरता भरता तिला दोनदा थांबावं लागलं.
अकराव्यात चिवडा नव्हता.
अगं, हे रिकामंच राहिलं, मी म्हणाले.
नाही राहिलं, ती म्हणाली,
आणि मेणबत्ती चिमटीनं विझवली.

रेहानानं वजनकाट्यावर ठेवलं, आकडा हलला नाही.
तरी वहीत तिनं ओळ घातली: कुमुद, एक नग.
आता सॅकमध्ये काहीच दाबून भरता येत नाही.
मोजे भोवतीनं, स्वेटर भोवतीनं, मध्ये एक घरटं मोकळं.

वर पोचल्यावर ते फोडायचं का,
तळ्याकाठी, तोंड उत्तरेला करून,
की तसंच फुगलेलं परत आणायचं
सातही नाशिक उतरून तिच्या दारात,
हे यादीत अजून ठरलेलं नाही.
तिला विचारावं तर ती म्हणेल, चिवडा आधी संपवा.

निघायला अकरा दिवस आहेत.
पाकीट फ्रिजवर ठेवलंय, पंख्याच्या वाऱ्यानं सरकतं.
रोज सकाळी चहा टाकायच्या आधी
बोटानं हलकेच दाबून बघते,
गळत नाही ना.